हुकूमनामा झाला, दरखास्त कुठे लावायची?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बड्या देशाने लहान देशात हात घातला की ‘त्याला हेगला, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात, खेचा’ ही मागणी होतेच. कुलभूषण जाधव खटल्यामुळे ते न्यायालय आपल्याकडे घरोघरी माहीत झाले. पण खेचता कधी येते आणि निकालानंतर काय होते, हे पाहायचे तर मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाने अमेरिकेवर भरलेला खटला वाचावा.

१९८४च्या सुरुवातीला कोरिंतो, पुएर्तो सांदिनो आणि एल ब्लफ या निकाराग्वाच्या बंदरांत पाणसुरुंग पेरले गेले. याला अमेरिकेच्या अध्यक्षांची मंजुरी होती आणि परदेशी जहाजांना इशाराही दिला गेला नाही, असे न्यायालयाने पुढे नोंदवले. हे न्यायालय देशांच्या संमतीनेच खटला ऐकते. निकाराग्वाने ९ एप्रिलला दावा लावला. त्याच्या तीनच दिवस आधी अमेरिकेने कळवून टाकले होते, की मध्य अमेरिकेतले वाद दोन वर्षे आमच्या संमतीत धरू नका. मात्र १९४६च्या तिच्याच संमतिपत्रात सहा महिन्यांच्या नोटिशीची अट होती, त्यामुळे ही पळवाट चालली नाही. मग जानेवारी १९८५ मध्ये अमेरिका खटल्यातून उठून गेली आणि ऑक्टोबरात तिने संमतीच काढून घेतली. प्रतिवादी गैरहजर म्हणून तिथे एकतर्फी हुकूमनामा मिळत नाही, पुरावा तपासावाच लागतो. तो तपासून २७ जून १९८६ रोजी निकाल लागला, तेव्हा न्यायालयाचे अध्यक्ष आपले नगेंद्र सिंह होते. सामूहिक स्वसंरक्षणाचा, म्हणजे ‘शेजारी देशांच्या रक्षणासाठी हे केले’ हा अमेरिकेचा बचाव १२ विरुद्ध ३ मतांनी फेटाळला गेला आणि भरपाईचा आदेश झाला.

एक गोष्ट मात्र अमेरिकेच्या पथ्यावर पडली. निकाराग्वा सरकारविरुद्ध लढणाऱ्या कॉन्ट्रा बंडखोरांना पैसा, शस्त्रे, प्रशिक्षण तिने दिले हे सिद्ध झाले, पण त्यांच्या प्रत्येक अत्याचाराचा दोष तिच्या माथी आला नाही. त्यासाठी त्या त्या कारवाईवर तिचे ‘परिणामकारक नियंत्रण’ दाखवावे लागते. ही कसोटी मला फार कडक वाटते. भाडोत्री हात वापरणाऱ्याला याहून सोयीचा नियम सापडणार नाही.

आपल्या दिवाणी कोर्टात हुकूमनाम्यावर दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) लावता येते, बेलिफ जप्तीला जातो. हेगला बेलिफ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ९४व्या कलमाने दरखास्त लावायची ती सुरक्षा परिषदेत. तिथे २८ ऑक्टोबर १९८६ रोजी निकाल पाळण्याच्या ठरावाला ११ मते बाजूने, ३ तटस्थ आणि विरोधात एकच, खुद्द अमेरिकेचे; पण तो नकाराधिकार (व्हेटो) असल्याने ठराव पडला. वादातल्या पक्षाने मत देऊ नये असा नियम आहे, पण तो सनदेच्या सहाव्या प्रकरणापुरता. ९४वे कलम त्यात येत नाही. आमसभेत ९४ विरुद्ध ३ असा कौल पडला, पण तो बंधनकारक नाही. १९९० मध्ये निकाराग्वात सत्तापालट झाला, १९९१ मध्ये नव्या सरकारने दावा मागे घेतला आणि भरपाईचा आकडा ठरायचा तो राहूनच गेला.

(दार लावून घेण्यात आपणही मागे नाही. १९९९ मध्ये कच्छ सीमेवर पाडलेल्या विमानाबद्दल पाकिस्तान हेगला गेला. राष्ट्रकुल देशांशी असलेले वाद आपण १९७४च्या संमतिपत्रात वगळलेले होते, त्यावर २००० साली तो दावा अधिकारक्षेत्राअभावी निकालात निघाला.)

आणि तेव्हाचे फिर्यादी अध्यक्ष डॅनिएल ओर्तेगा? फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी २२२ राजकीय कैद्यांना विमानात बसवून वॉशिंग्टनला धाडले, त्यांचे नागरिकत्व काढले आणि आठवडाभरात आणखी ९४ जणांचे. त्याच वर्षी निकाराग्वा अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेतूनही बाहेर पडला.

तरी इथे एक वाट उघडी आहे. राज्यविहीनता (कोणत्याच देशाचे नागरिकत्व नसणे) कमी करण्याचा १९६१चा करार निकाराग्वाने स्वीकारलेला आहे. राजकीय कारणावरून नागरिकत्व काढण्यास त्याचे ९वे कलम मनाई करते आणि १४व्या कलमाने करारातला कोणताही देश हेगला जाऊ शकतो. शेजारचा कोस्टारिका करारात आहे आणि त्याला हा रस्ता ठाऊक आहे. सीमेवरील पाणथळ जमिनीच्या नुकसानीबद्दल २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला ३ लाख ७८ हजार ८९० डॉलर देवविले आणि निकाराग्वाने ते साधारण महिन्याभरात भरले. भारताने या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे हा दावा आपल्याला लावता येणार नाही.

– एक वाचक, कोल्हापूर