वय लिहा, ‘वृद्ध’ लिहू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

साठी ओलांडलेली व्यक्ती अपघातात सापडो, फसवली जावो वा एखादी परीक्षा उत्तीर्ण होवो, बातमीत तिचा उल्लेख बहुधा ‘वृद्ध’ किंवा ‘आजी’, ‘आजोबा’ असाच होतो. त्या शब्दाविषयी हे पत्र आहे. माझे वय ६७ आहे.

मध्यंतरी एका इमारतीत शिरताना समोरच्या सीसीटीव्हीच्या पडद्यावर मला एक बाई दिसली. पाठीत किंचित वाकलेली, पायरी चढताना उजवा हात गुडघ्यावर टेकणारी. हिला कुणीतरी हात द्यायला हवा, असे मनात आले आणि मग तिच्या खांद्यावरची निळी पिशवी ओळखीची वाटली. घरच्या आरशाने ही बाई मला कधी दाखवली नव्हती, कारण आरशापुढे आपण उभे राहतो ते समोरून, स्थिर आणि मनाची तयारी करून. आपली पाठ आणि आपली चाल रोज पाहतात ते इतर लोकच.

मनातले वय तर आणखी निराळे असते. डेव्हिड रुबिन आणि डोर्थे बर्न्टसेन यांनी डेन्मार्कमधील प्रौढांच्या पाहणीवरून २००६ साली दाखवून दिले, की चाळिशीपुढच्या माणसांना आपले वय सरासरी २० टक्क्यांनी कमी वाटते. या हिशेबाने माझे वय ५४ च्या आसपास निघते, आणि मला ते अगदी पटते. हा भ्रम आहे असे मी मानत नाही, कारण निर्णय घेताना, वाचताना, भांडताना मी तीच असते जी तेव्हा होते.

पडद्यावरचे चित्रही खोटे नव्हते. माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत. दुखते ते त्या चित्रावरून लोक पुढचे सारे गृहीत धरतात तेव्हा. अलीकडे एका डॉक्टरांनी मी समोर बसलेली असताना माझ्या मुलाला विचारले, “यांना रात्री झोप लागते का?” रात्री तीनदा जाग येते ती मला; मुलगा दुसऱ्या खोलीत झोपतो. तो बिचारा माझ्याकडे पाहू लागला, तेव्हा डॉक्टर मला मोठ्या आवाजात म्हणाले, “आजी, घाबरायचं नाही हं.” मी घाबरलेली नव्हते, आणि मला ऐकूही नीट येते.

‘साठी बुद्धी नाठी’ हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि साठी आली की स्वतःलाच लावतो. तिशीत चष्मा विसरला तर तो विसरभोळेपणा असतो, आता विसरला तर ते वय असते. याची किंमत लहान नाही. बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतील ६६० जणांच्या दीर्घकालीन नोंदींवरून असे मांडले, की स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या दृष्टीने पाहणारे लोक, प्रकृतीतला फरक हिशेबात धरूनही, इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की बातमीत नाते जोडू नये आणि ‘वृद्ध’ हा शब्द, विषयच वार्धक्याचा असेल तेव्हाच वापरावा. ६४ वर्षांच्या शिक्षिकेला शिक्षिकाच म्हणावे आणि तिचे वय पुढे आकड्यात द्यावे.

आपली,
एक नियमित वाचक