रेकॉर्डिंग नसलेले आवाज

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, ज्या आवाजांचं रेकॉर्डिंगच नाही त्यांच्यावर प्रबंध लिहायचा तरी कसा?" मी उत्तर देणार तेवढ्यात तुझ्या आईने फोन काढून घेतला आणि डाळ-तांदळाचे भाव सुरू झाले. म्हणून हे लिहितोय.

तू ठेवून गेलेलं ब्रूस स्मिथ यांचं १९९९ सालचं पुस्तक डिक्शनरी जवळ घेऊन वाचतोय. शेक्सपिअरच्या काळातलं इंग्लंड कानाने धुंडाळायचं, असा त्यांचा खटाटोप. शेक्सपिअरच्या कंपनीच्या लंडनमधल्या ग्लोब नाट्यगृहाकडे ते आवाज घडवणारं एक वाद्य म्हणून बघतात. लाकडी सांगाडा, गिलाव्याच्या भिंती, वर उघडं आकाश. हे मला लगेच पटलं. आम्हीही दौऱ्यावर नव्या थिएटरात शिरलो की माइक लावायच्या आधी टाळी वाजवून बघतो.

आता तुझा पुराव्याचा प्रश्न. १५९६ साली नाट्यगृहचालक जेम्स बर्बेजने लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स वस्तीतल्या जुन्या मठात याच कंपनीसाठी बंदिस्त नाट्यगृह करायला घेतलं. वस्तीतले प्रतिष्ठित लोक खवळले. त्यांनी प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळाकडे, अर्ज केला, त्यात गर्दी, गुंड, रोगराई सगळं आहेच. पण शिवाय असंही आहे की चर्च अगदी लागून असल्यामुळे ढोल-कर्ण्यांच्या आवाजाने प्रार्थनेत आणि प्रवचनात व्यत्यय येईल. सह्या करणाऱ्यांत खुद्द नाटक कंपनीचा आश्रयदाता लॉर्ड हन्सडन! आपल्याकडच्या सोसायटीच्या मीटिंगची आठवण झाली. कंपनीला ती जागा वापरायला मिळाली १६०८ नंतर. आणि आत गेल्यावर त्यांनी कर्ण्यांऐवजी मवाळ आवाजाचे कॉर्नेट, म्हणजे लाकडी फुंकवाद्यं, घेतले, अंकांच्या मधे मेणबत्त्यांच्या वाती कापेपर्यंत संगीत ठेवलं. म्हणजे बघ, एका अर्जावरून तुला बाहेरच्या उघड्या नाट्यगृहांतला आवाज किती दांडगा होता ते कळलं आणि आतला कसा बदलला तेही. कवितेतल्या गर्जनेपेक्षा मी वैतागलेल्या शेजाऱ्यावर जास्त भरवसा ठेवीन.

दुसरा पुरावा खुद्द नाटकांच्या संहितेत, रंगसूचनांमध्ये. 'अँटनी अँड क्लिओपात्रा'मधला तो रात्रीच्या पहाऱ्याचा प्रवेश काढ. सूचना आहे की होबॉय रंगमंचाखाली वाजतात. होबॉय म्हणजे आपल्या सनईच्या कुळातलं वाद्य, चांगलं खणखणीत. शिपाई चपापतात, एक म्हणतो हवेत आहे, दुसरा म्हणतो जमिनीखाली. मग कळतं, अँटनीचा लाडका देव हर्क्युलस त्याला सोडून चाललाय. विंगेत न वाजवता फळ्यांखाली का? कारण तिथून सूर दबका होऊन येतो आणि कुठून येतोय ते नक्की सांगता येत नाही. ही योजना ज्याने केली त्याला माझा साष्टांग नमस्कार. मी असतो तर स्पीकर तिथेच लपवला असता.

प्रयोगापूर्वी तीनदा कर्णा वाजे, तिसऱ्याला नाटक सुरू. अगदी आपल्या तिसऱ्या घंटेसारखं! हे कळल्यावर मी आमच्या बॅकस्टेजच्या पोरांना लगेच सांगितलं.

एक शंका मात्र तुझ्या गाइडना जरूर विचार. रिकाम्या हॉलमध्ये लावलेली लेव्हल हाउसफुल्लला चालत नाही, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पितात. ग्लोबमध्ये दाटीवाटीने तीन हजारांच्या आसपास लोक मावत, लोकरी कपड्यांतले. इमारत वाद्य आहे हे खरं, पण निम्मं वाद्य रंगमंचापुढच्या उघड्या अंगणात उभं होतं आणि ते रोज बदलायचं. पावसाच्या दिवशी अर्धी गर्दी असेल तर त्याच नटाला किती ओरडावं लागत असेल? यावर तुझं एक प्रकरण सहज होईल.

आणि तू १९९७ साली उघडलेल्या नव्या ग्लोबमध्ये अजून गेली नाहीस हे ऐकून मला आश्चर्य वाटलं. उभ्याने बघायचं तिकीट काढ, ते सगळ्यात स्वस्त असतं. मध्यंतरापर्यंत रंगमंचाला खेटून उभी राहा, नंतर मागे भिंतीपाशी जा. वरून हेलिकॉप्टर गेलं की नट काय करतात तेही बघ, थांबतात की रेटतात. वहीत लिही आणि मला कळव, इथे पोरं विचारतायत.

थंडीत कान झाकत जा.

तुझा,
बाबा