एवढी चांदी गेली कुठे?

माद्रिद

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, अमेरिकेतली एवढी चांदी ज्यांच्या दारात येऊन पडत होती ते स्पेनचे राजे शेवटी कर्जात बुडाले कसे? फोनवर ते धड सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. तुमची उभी नोकरी जिल्हा बँकेच्या कर्ज विभागात गेली. तुम्हाला हे प्रकरण चटकन कळेल.

हे साम्राज्य बरंचसं लग्नांतून आणि वारसाहक्कातून उभं राहिलं. १४६९ मध्ये स्पेनमधल्या कॅस्टिल राज्याची इसाबेला आणि आरागॉन राज्याचा फर्डिनंड यांचं लग्न झालं. १४९२ मध्ये त्यांनी तिथलं शेवटचं मुसलमानी राज्य ग्रनाडा घेतलं, ज्यूंना देशाबाहेर काढलं, आणि कोलंबस निघाला तोही त्याच वर्षी. त्यांचा नातू पाचवा चार्ल्स. आईकडून त्याला स्पेन, नेपल्स, सिसिली आणि समुद्रापलीकडचा मुलूख मिळाला, वडिलांच्या घराण्याकडून नेदरलँड्स आणि ऑस्ट्रियावरचा हक्क. १५१९ मध्ये तो पवित्र रोमन सम्राट म्हणून निवडून आला. मतं होती सात, आणि ती वळवायला लागलेला पैसा मुख्यतः जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या याकोब फुगर या सावकाराने पुरवला. म्हणजे कारभाराला सुरुवात होतानाच डोक्यावर मोठं कर्ज.

कॅस्टिलच्या शहरांना हे तेव्हाच खटकलं होतं. आमच्या करातून परमुलखातल्या गादीचा खर्च का, म्हणून ती बंडाला उठली. एप्रिल १५२१ मध्ये विलालारच्या लढाईत बंड मोडलं आणि दुसऱ्या दिवशी पुढाऱ्यांची डोकी उडवली. मला विचाराल तर पुढच्या सगळ्या कहाणीची किल्ली इथे आहे. आरागॉन, कॅटलोनिया, व्हॅलेन्सिया यांच्याकडे जुन्या सनदा होत्या, त्यांच्या संमतीशिवाय राजाला त्यांच्यावर कर बसवता येत नव्हता. कॅस्टिलचा आवाज दबला होता. त्यामुळे पुढची दीडशे वर्षं युरोपातल्या जवळजवळ प्रत्येक लढाईचं बिल कॅस्टिलच्या शेतकऱ्याच्या नावावर फाटत गेलं.

आता चांदी. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात १५४५ मध्ये ती सापडली. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवरची ती जागा. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने तिथे सक्तीची वेठ बसवली. ठरावीक प्रांतांतल्या गावांनी दरवर्षी आपल्या कर्त्या पुरुषांपैकी सातवा हिस्सा खाणीवर पाठवायचा. खनिजातून चांदी सोडवायला पारा लागे, तो आजच्या पेरूतल्या वांकावेलिकाच्या खाणीतून येई, आणि त्या वाफांनी माणसं थरथरत मरत. हे वाचताना बाबा, मला पुढे वाचवेना. स्पेनमधल्या सेव्हिल बंदराच्या धक्क्यावर उतरलेल्या प्रत्येक पेटीमागे ही माणसं आहेत, आणि साम्राज्याच्या वैभवाचं वर्णन करणारे त्यांना एका ओळीत उरकतात.

त्या चांदीतला साधारण पाचवा हिस्सा राजाचा, बाकी व्यापाऱ्यांची. अगदी भरभराटीच्या काळातही राजाच्या एकूण उत्पन्नात अमेरिकन चांदीचा वाटा चौथाईच्या आसपासच होता. उरलेलं सगळं करांतून. विक्रीवरचा कर होताच. इंग्लंडवर धाडलेल्या आरमाराची वाताहत झाल्यावर १५९० पासून मांस, दारू, तेल, व्हिनेगर यांवर नवा कर आला. गरिबाच्या ताटातलंच सगळं.

शिवाय राजाच्या वाट्याची चांदी सेव्हिलला पोचायच्या आधीच गहाण पडलेली असे. नेदरलँड्समधल्या फ्लँडर्समध्ये डच बंडखोरांशी लढणाऱ्या फौजेला पगार द्यायचा तर तो अँटवर्पमध्ये आणि वेळेवर लागे. इटलीतल्या जिनोआचे सावकार तिथे हुंडीने पैसा उभा करून देत आणि बदल्यात पुढच्या ताफ्यातल्या चांदीवर हक्क लिहून घेत. ताफा उशिरा आला की व्याज चढे. डोईजड झालं की राजा हप्ते थांबवी आणि अल्पमुदतीच्या कर्जाचे लांब मुदतीचे, कमी व्याजाचे रोखे करून सावकारांच्या हातात ठेवी. आपल्याकडे सोसायटीत मार्चअखेरीला नवं-जुनं करतात ना, तसंच, फक्त अर्ध्या युरोपच्या पातळीवर. चार्ल्सच्या मुलाने, दुसऱ्या फिलिपने हे १५५७, १५६०, १५७५ आणि १५९६ मध्ये केलं. १५७५ च्या वेळी हुंड्या थांबल्या, फौजेचा पगार थकला आणि नोव्हेंबर १५७६ मध्ये त्याच्याच उपाशी शिपायांनी अँटवर्प लुटलं, हजारो माणसं मारली. युरोपातली एवढी मोठी बाजारपेठ, आणि ती राजाच्या आपल्याच फौजेने जाळली! त्यानंतर जे प्रांत राजाशी एकनिष्ठ होते तेही काही काळ बंडखोरांना जाऊन मिळाले.

‘डॉन किहोते’ लिहिणाऱ्या सर्व्हांटिसचंही यात नाव येतं. तो आरमारासाठी दक्षिणेतल्या आंदालुसियात गावोगाव धान्य जमा करत फिरायचा, पुढे करवसुली करायचा. वसुलीची रक्कम त्याने सेव्हिलच्या ज्या सावकाराकडे ठेवली तो बुडाला, आणि १५९७ मध्ये तुरुंगात गेला सर्व्हांटिस. असे कारकून तुम्ही किती पाहिलेत, बाबा.

आपल्याकडेही याची झळ पोचली होती. १५८० मध्ये पोर्तुगालची गादी रिकामी झाली आणि दुसऱ्या फिलिपने ती घेतली. म्हणजे गोवा, वसई, चौल सगळं साठ वर्षं याच घराण्याच्या छत्राखाली. तुम्ही आम्हाला रेवदंड्याहून होडीने पलीकडे कोर्लईच्या किल्ल्यावर न्यायचात, तो डोंगर पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला, तेव्हा त्यांचा राजा माद्रिदजवळच्या एस्कोरियालमध्ये कागदांवर शेरे मारत बसलेला फिलिप होता. पोर्तुगीजांना या जोडणीचा फायदा थोडा झाला, तोटा पुष्कळ. स्पेनचे शत्रू ते त्यांचे शत्रू झाले. फिलिपने डच जहाजांना लिस्बनचा बाजार बंद केला, मग डच थेट मसाल्याच्या बेटांकडे निघाले. वाटा कुठून कळल्या? गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून राहिलेला लिन्सखोटेन नावाचा डच माणूस मायदेशी परतून सगळं छापून मोकळा झाला. आणि चांदी, जिचा तुम्ही हिशेब विचारलात, ती युरोपच्या व्यापाऱ्यांच्या हातून कापड, नीळ, मिरीच्या मोबदल्यात सुरतेला उतरत होती. मोगलांच्या टांकसाळीत तिचे रुपये पडत. तेव्हा बाबा, थोडी आपल्याच बाजारात आली म्हणायची.

एस्कोरियाल मी पाहिलं. करड्या दगडाची अवाढव्य इमारत, १५६३ ते १५८४ एवढा काळ चाललेली. मठ, राजवाडा, ग्रंथालय, दफनघर सगळं एकात. फिलिपची झोपायची खोली मात्र लहानशी. पलंगापासून थेट चर्चची मुख्य वेदी दिसावी अशी भिंतीत खिडकी आहे, म्हणजे संधिवाताने उठता येत नसलं तरी पडल्यापडल्या प्रार्थना पाहता यावी. १५९८ च्या सप्टेंबरात तो तिथेच गेला. माणूस कष्टाळू होता, श्रद्धाळू होता, हे मी मनापासून मानते. पण आपण देवाच्या कामावर आहोत या खात्रीमुळे त्याला युद्ध वेळेवर आवरतं घेणं फार जड गेलं.

पुढच्यांना तेवढंही जमलं नाही. १६०९ ते १६१४ मध्ये तिसऱ्या फिलिपने मोरिस्कोंना, म्हणजे बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेल्या मुसलमानांच्या वंशजांना, देशाबाहेर हाकललं. सुमारे ३ लाख माणसं. व्हॅलेन्सियात गावंच्या गावं ओस पडली, आणि त्या गावांच्या खंडावर जमीनदारांना कर्ज देणारेही अडकले. तांब्याची नाणी इतकी पाडली की १६२८ मध्ये त्यांची किंमत एका फर्मानाने निम्मी करावी लागली. ज्याच्या गाठीला चांदी नव्हती, त्याचं निम्मं गेलं. चौथ्या फिलिपचा मुख्य मंत्री ओलिवारेस याने युद्धाचं ओझं सगळ्या प्रांतांत वाटून द्यायचा प्रयत्न केला. कल्पना रास्त होती, पण शंभर वर्षं उशिरा आली. १६४० मध्ये आधी कॅटलोनिया उठला, मग डिसेंबरात पोर्तुगाल सुटला. १६४८ मध्ये डचांचं स्वातंत्र्य मान्य करावं लागलं.

आई, तुझ्यासाठी एक चित्र. इथल्या प्रादो संग्रहालयात वेलाझकेझचं १६५६ चं मोठं चित्र आहे. मधोमध पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता, पांढुरक्या झग्यात, दासी तिच्यापुढे लाल मडकं धरून वाकलेली, मागच्या आरशात आईवडील धूसर. ते आईवडील मामा-भाची. मारियाना ही चौथ्या फिलिपच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, तिचं लग्न आधी त्याच्या मुलाशी ठरलं होतं, मुलगा गेला म्हणून बापाशी लावलं. मार्गारितालाही पुढे सख्ख्या मामालाच दिली आणि बाळंतपणांनी खंगून ती २१ व्या वर्षी गेली. राज्य घराबाहेर जाऊ नये म्हणून पिढ्यान्पिढ्या केलेल्या या लग्नांचं फळ म्हणजे तिचा भाऊ, दुसरा चार्ल्स. जन्मापासून दुबळा, दोन लग्नं होऊन मूल नाही. १ नोव्हेंबर १७०० रोजी तो वारला आणि मृत्युपत्राने गादी फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या नातवाकडे गेली. पुढच्या युद्धात नेदरलँड्सचा उरलेला भाग, मिलान, नेपल्स सगळं गेलं.

याला सरसकट ऱ्हास म्हणायला मात्र माझं मन घेत नाही. या दुबळ्या चार्ल्सच्याच काळात, १६८० मध्ये नाण्याची मोठी किंमतकपात झाली. तिचे हाल लोकांनी सोसले, पण त्यानंतर चलन स्थिर झालं, किनाऱ्यावरच्या प्रांतांत व्यापार सावरू लागला, कॅटलोनियात शेती वाढली. दरबाराची शान उतरत होती तेव्हाच लोकांच्या घरात चार दाणे जास्त यायला लागले होते. राजांची थडगी मी पाहिली, संगमरवराच्या पेट्या कपाटात मांडाव्यात तशा रचलेल्या. मला हळहळ वाटली ती विलालारच्या लोकांची. त्यांनी १५२१ मध्येच हा हिशेब मांडून दाखवला होता.

आई, गुडघ्याचं औषध डॉक्टर सांगतील तेवढे दिवस घे, मध्येच सोडू नकोस. बाबा, जिनोआच्या सावकारांबद्दल अजून विचारायचं असेल ते कागदावर लिहून ठेवा, पुढच्या रविवारी बोलू.

तुमची,
ताई