घोडा देणारा आणि आईला घेऊन येणारा

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रीजन्सी रोमान्सवर, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या प्रेमकथांवर, लेख आला होता, त्यातला एक मुद्दा चार दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. लेखिकेचं म्हणणं असं की या कादंबऱ्यांमधली स्वप्नाळू मुलगी शेवटी व्यवहारी माणसाशी लग्न करते ती निव्वळ तडजोड असते, प्रेम वगैरे काही नसतं. मी हे सगळं पंचवीस वर्षं वाचतेय, आधी फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीतून आणून, मग अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं मिळतील तशी आणि आता फोनवर, आणि मला हे अजिबात पटलेलं नाही.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२०, इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारी आणि कारभार युवराज बघतोय, तो रीजंट, म्हणून ते नाव. आपल्या पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव, संगमावर इंग्रजांचा वकील एल्फिन्स्टनची रेसिडेन्सी, आणि ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई. आणि त्या काळची इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिन गेली ती त्याच वर्षीच्या जुलैमध्ये. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच बसून होते, कारण शाळेत या दोन गोष्टी दोन वेगळ्या जगातल्या असल्यासारख्या शिकलो आपण.

आता मुद्द्याचं. या प्रकारच्या गोष्टीचं मूळ शोधायचं तर मी तरी ऑस्टिनच्या १८११ च्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' कादंबरीकडे जाते. त्यातली मेरिअ‍ॅन सतरा वर्षांची, कविता, संगीत, पावसात टेकडीवर पळणं, सगळं मनापासून. तिला विलोबी आवडतो. तो तिला काय देतो, तर घोडा! ती हरखून बहिणीला सांगते, आणि बहीण विचारते की घोडा ठेवायचा कुठे, तबेला बांधावा लागेल, नोकर लागेल, नोकराला वेगळा घोडा लागेल. घरात आई आणि तीन मुली, वर्षाचं उत्पन्न ५०० पौंड. विलोबीच्या मनात हे आलंच नाही, त्याला द्यावंसं वाटलं, त्याने दिलं.

आणि दुसरा, जिच्याशी तिचं शेवटी लग्न होतं तो कर्नल ब्रँडन, पस्तिशीचा, कमी बोलणारा, फ्लॅनेलचं जाकीट घालतो म्हणून मेरिअ‍ॅन त्याला म्हाताऱ्यात काढते. तो ईस्ट इंडीजला नोकरी करून आलेला, म्हणजे आपल्याच बाजूला, आणि विलोबी त्याची टिंगल करताना मोहोरा आणि पालख्या काढतो, चक्क तेच शब्द इंग्रजीत. (ज्या फौजा इकडे आल्या त्यांच्यातलाच तो एक, हे मी वाचताना विसरत नाही, पुण्यात राहून विसरता येतही नाही.) पुढे मेरिअ‍ॅन तापाने मरणाच्या दारात असते, परक्या घरी, आई दूर दुसऱ्या परगण्यात. तेव्हा हा माणूस काय करतो? घोडे मागवतो, रात्री बाराच्या सुमाराला गाडीत बसतो आणि निघतो तिच्या आईला आणायला, आणि जाताना नीट हिशेब करून सांगून जातो की मी परत कधी पोचेन. हिशेब करून! त्या वेळी त्याच्या मनात काय चाललं असेल ते आपल्याला माहितीये, पण तो ते कुणाला ऐकवत बसत नाही. दुसऱ्या रात्री आठ वाजता गाडीचा आवाज येतो, बहिणीला वाटतं आलेच, पण उतरतो विलोबी. तोही धावत आलाय, नाही असं नाही, पण तो आलाय स्वतःच्या मनातलं सांगायला. आई आणायचं काम ब्रँडनने केलं. याला तडजोड म्हणायचं असेल तर प्रेम कशाला म्हणायचं ते तरी सांगा.

हे सगळं इतकं सावकाश का चालतं यावरही लेखात नाक मुरडलंय, चारशे पानं आणि हात धरायला तीनशे पान उजाडतं वगैरे. अहो पण त्या मुलीच्या बाजूने बघा की. लग्न झालं की तिचा पैसाअडका कायद्याने नवऱ्याचा, तो नियम बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. घटस्फोट हवा तर पार्लमेंटमधून खास कायदा करून घ्यायचा, तोही बडे लोकच घेऊ शकायचे. म्हणजे एकदा हो म्हटलं की संपलं. आणि माणूस पारखायचा तर मार्ग किती, एका माणसाबरोबर संध्याकाळभरात फार तर दोनदा नाच, सोबत कुणीतरी मोठी बाई, साखरपुडा झाल्याशिवाय पत्रसुद्धा लिहायचं नाही, आणि पत्राचे पैसे १८४० पर्यंत साधारण घेणाऱ्यालाच भरावे लागायचे. मग ती काय बघणार, तर हा नोकरांशी कसा बोलतो, म्हाताऱ्या मावशीला खुर्ची देतो का, दिलेला शब्द पाळतो का. त्याला वेळ लागतो. पानं त्यासाठी खर्ची पडतात आणि मला ती एकही जास्त वाटत नाहीत. उलट ऑस्टिनबाईंबद्दल माझी तक्रारच आहे की मेरिअ‍ॅनचं मन ब्रँडनकडे कसं वळलं ते त्यांनी शेवटच्या दोन-चार पानांत उरकलंय, आणि दोघांच्या वयातलं अंतर तर मला आजही खटकतं. आजच्या चांगल्या लेखिका नेमकं तेच मधलं सावकाश लिहितात म्हणून मी त्या वाचते.

आता घरचं एक सांगते. माझं लग्न १९९४ चं, कांदेपोहे पद्धतीने ठरलेलं. मला कवितांचं वेड, आणि हे चिंचवडला कंपनीत, शिफ्टची नोकरी. साखरपुड्यानंतर मी चार-चार पानी पत्रं लिहायची आणि यांचं उत्तर इनलँडवर चार ओळी, गुरुवारी सेकंड शिफ्ट आहे, रविवारी येतो, बाबांच्या रेडिओचे सेल आणतो. मी रडले होते तेव्हा. लग्नानंतर तीन आठवड्यांनी माझी एमएची परीक्षा, आणि मी चिंचवडला नवीन, तिथून विद्यापीठात वेळेवर पोचायचं कसं ते मला कळेना. पेपरच्या आदल्या दिवशी ओट्याशेजारी कॅलेंडरचं पान उलटं चिकटवलेलं दिसलं, त्यावर पेन्सिलने बसच्या वेळा. हे दोन दिवस ड्यूटी सुटल्यावर स्टॉपवर उभे राहून लिहून आले होते. ७:४० च्या पुढे लिहिलेलं, ही भरून येते, थांबत नाही, ७:२५ ची पकड. आणि खाली परतीच्या वेळा, त्यातल्या शेवटच्या बसखाली दोन रेघा. मी ते पान वाचत ओट्यापाशी उभी होते आणि दूध उतू गेलं.

त्या दिवशी मी यांच्या प्रेमात पडले. लग्नानंतर तीन आठवड्यांनी, होय. म्हणून लेखातलं ते वाचून मला राग नाही आला, वाईट वाटलं, कारण आता माझ्या मुलीसाठी स्थळं बघणं चाललंय आणि तिच्या मैत्रिणीसुद्धा हेच बोलतात की प्रॅक्टिकल मुलगा म्हणजे बोअर, स्पार्क नाही. अर्ध्या तासाच्या कॉफीत स्पार्क दिसेल, बसच्या वेळा कशा दिसणार?

माझी एक विनंती आहे. पुरवणीत जागा असेल तर ही कादंबरी चांगल्या मराठीत क्रमशः छापा. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या, इंग्रजी येत नाही, त्यांना मी दुपारी चहाच्या वेळी ही गोष्ट माझ्या शब्दांत सांगतेय. काल आठ वाजता गाडी आली इथपर्यंत आलो आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून मी उठले, तर रात्री जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून विचारलं, "अगं, पण त्या पोरीची आई पोचली का?"

कळावे,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे