यंत्राने हळहळ व्यक्त करू नये, चूक सुधारू द्यावी

महोदय,

संगणकाशी चालणारा व्यवहार निव्वळ तर्काचा असतो, तेथे भावनांचे काय काम, असे अनेक जाणकारही म्हणतात. तासभर खपून भरलेला अर्ज ‘सत्र समाप्त’ या दोन शब्दांसरशी नाहीसा होताना ज्याने पाहिला आहे (मी दोनदा पाहिला आहे), त्याला हे पटणे अवघड आहे.

संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांनी 1966 मध्ये ‘एलायझा’ या संवाद साधणाऱ्या प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली. समोरच्याच्या वाक्यातले शब्द हेरायचे आणि तेच फिरवून प्रश्न विचारायचा, एवढीच त्याची करामत होती. तरीही, तो प्रोग्राम कित्येक महिने डोळ्यांदेखत घडताना पाहिलेल्या त्यांच्या सचिवेने त्याच्याशी थोडे बोलणे होताच खुद्द वायझेनबॉम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. पुढे 1990 च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्लिफर्ड नास आणि बायरन रीव्ह्ज यांना आढळले की, एखाद्या संगणकाविषयीचे मत त्याच संगणकावर विचारले तर लोक ते अधिक गोड शब्दांत देतात, आणि दुसऱ्या संगणकावर विचारले तर अधिक मोकळेपणाने. संगणकाची भीड बाळगल्याचे मात्र सहभागी मान्य करत नव्हते! यात भोळेपणा नाही. जे बोलते त्याला आपण माणसासारखे वागवतो, ही आपली जुनीच सवय आहे.

या सवयीचा लाभ कोणी कसा घ्यावा, हा खरा प्रश्न आहे. यंत्राला चेहरा आणि लाघवी बोलणे दिले की काम भागते, हा समज मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस 97’ मधल्या, पेपरक्लिपच्या रूपातल्या डोळे फिरवणाऱ्या मदतनीसानेच खोटा ठरवला होता. न बोलावता मध्येच डोकावणारा तो मदतनीस लोकांना इतका नकोसा झाला की, 2001 च्या आवृत्तीत त्याला मुळातच बंद ठेवावे लागले. आज त्याची जागा ‘तुमची अडचण मी समजू शकतो’ असे म्हणणाऱ्या संवादयंत्रांनी घेतली आहे. हे वाक्य चिडलेल्या माणसाला अधिकच चिडवते, कारण त्यानंतर अडचण जागच्या जागीच असते.

चेहऱ्यावरून भावना ओळखू पाहणाऱ्या प्रणालींबाबत तर अधिक सावध राहावे लागेल. कपाळावरची आठी रागाची असेल, तशीच एकाग्रतेची किंवा डोकेदुखीचीही असू शकते. युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत अशा प्रणालींच्या वापरावर 2 फेब्रुवारी 2025 पासून बंदी लागू केली असून वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचाच अपवाद ठेवला आहे. माझ्या मते ही बंदी योग्यच आहे.

वापरणाऱ्याच्या भावनांची कदर करायला त्या ओळखण्याचे यंत्र लागत नाही. आपल्या हातून काही बिघडेल ही धास्ती नवख्या माणसाच्या मनात असतेच, हे गृहीत धरून प्रणाली रचता येते: केलेली कृती मागे घेण्याची सोय ठळक जागी असावी आणि भरलेली माहिती आपोआप जतन व्हावी. ‘अवैध नोंद’ हा शब्दप्रयोग तर एखाद्या गुन्ह्याचा ठपका ठेवावा तसा वाटतो. त्याऐवजी ‘दिनांकाच्या रकान्यात वर्ष राहिले आहे, बाकीची माहिती सुरक्षित आहे’ असे लिहिण्यासाठी कोणतेही नवे तंत्रज्ञान लागणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक