रेशनकार्डावरचं एक नाव आणि 11 दिवस : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा 16 वर्षांचा आहे. शिवाजी पेठेत आमचं घर, भाऊ उद्यमनगरात लेथवर काम करतो, पोरगं तालमीच्या फुटबॉल संघात गोलकीपर. पायावर निळे डाग दिसले ते आम्ही खेळातला मार म्हणून सोडून दिले. मग ताप उतरेना, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. बोन मॅरोची तपासणी झाली आणि एएलएल नावाचा रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, यातून उठणारी मुलं पुष्कळ आहेत. उपचार दोन-अडीच वर्षांचे आहेत, पण पहिल्या महिन्यात एक दिवसही वाया घालवू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आम्हाला माहीत होती. 2012 साली राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, 2017 ला नाव बदललं, आता मोफत उपचारांची वर्षाची मर्यादा दीड लाखाची 5 लाख झालीय आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही घेतलंय. चांगली योजना आहे, हे मनापासून लिहितोय. हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्रही भला माणूस निघाला. पण त्याच्या कॉम्प्युटरवर पोराचं नावच येईना. वडील गेल्यावर आम्हा भावांची रेशनकार्डं वेगळी झाली. त्यात पोराचं नाव जुन्या कार्डातून कमी झालं, पण नव्यात चढलंच नाही. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण साखर-गहू आणायला त्याच्या नावाची कधी गरज पडली नव्हती.

नाव चढायला 11 दिवस लागले. माझा भाऊ रोज प्लास्टिकच्या फोल्डरात झेरॉक्स घेऊन जायचा. कधी साहेब जागेवर नसायचे, कधी सर्व्हर बंद असायचा. एकदा नुसता शाळेचा बोनाफाईड जुना आहे म्हणून परत पाठवलं. पोरगं आयसोलेशनमध्ये आणि बाप रांगेत. केमो थांबवून चालणार नव्हतं, म्हणून पैसे भरून सुरू केली. वहिनींच्या भिशीतल्या बायकांनी त्या महिन्याचा नंबर न काढता सगळी रक्कम त्यांच्या हातावर ठेवली, कारखान्याच्या मालकांनी उचल दिली, माझ्या बायकोच्या पाटल्या गेल्या. ते पैसे पुढं मंजुरी आली तरी परत आले नाहीत, कारण ते मंजुरीच्या आधीचे होते.

पैशापेक्षा मोठी धावपळ प्लेटलेट्सची, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशींची. ही पिशवी पाच दिवसच टिकते, त्यामुळे आधी साठवून ठेवता येत नाही. दाता लागतो तो धडधाकट, मशीनवर तास-दीड तास पडून राहणारा, तीन दिवसांत ॲस्पिरिनची गोळी न घेतलेला. तालमीच्या पोरांनी ग्रुपवर मेसेज टाकला आणि सकाळी रक्तपेढीच्या दारात 20 जण उभे. तपासणीत 7 पास झाले. त्यातले दोघे समोरच्या तालमीचे. शाहू स्टेडियमवर ही पोरं एकमेकांच्या आई-बहिणीवर येतात, साहेब, आणि इथं एका बाकावर बसून एकच सरबताची बाटली पीत होती. पहिली पिशवी आली तेव्हा वहिनी घाबरल्या. त्यांना वाटलेलं लाल असेल, ती निघाली हळदीच्या पाण्यासारखी पिवळी. "हे काय लावताय माझ्या पोराला?" म्हणून नर्सचा हात धरला. एका पिशवीचे 11 हजारांच्या आसपास गेले. अशा चार पिशव्या लागल्या. त्या बाहेरून आणल्या म्हणून त्यांचा खर्च योजनेच्या फाईलवर बसला नाही.

आता मागणं. कॅन्सरचं निदान झालेल्या मुलाचं नाव कार्डावर नसेल, तर आधार आणि आई-वडिलांचं कार्ड बघून उपचार त्याच दिवशी योजनेत सुरू करा. नाव चढवायला महिनाभराची मुदत द्या, हवं तर हमीपत्र लिहून घ्या. कोण बाप खोटं पोर घेऊन केमोला बसणार आहे? आणि प्लेटलेट्सचा खर्च पिशवी कुठून आली हे न बघता फाईलवर घ्या. दाते तुम्ही देऊ नका. ते आम्ही आणतो, कोल्हापुरात त्यांची वाण नाही.

एक बारीक गोष्ट, मंत्रालयात कदाचित हास्यास्पद वाटेल. स्टेरॉईडमुळे पोराला रात्री दोन वाजता भूक लागते आणि बाहेरचं काही द्यायचं नाही. वॉर्डच्या मजल्यावर नातेवाइकांसाठी एक शेगडी असती, तर वहिनींना चार जिने उतरून रिक्षा करून भाकरी करायला घरी यावं लागलं नसतं.

पोरगं सध्या घरी आहे. केस गेलेत, गाल फुगलेत, आरशात बघून स्वतःच हसतंय. सोमवारी पुन्हा दाखल करायचंय. या खेपेला दोन दाते आधीच तपासून ठेवलेत. त्यातला एक समोरच्या तालमीचा आहे.

आपला,
एक चुलता
शिवाजी पेठ, कोल्हापूर