‘अपडेट चालू आहे’ आणि सायंकाळचा मेन स्विच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या जूनमध्ये नातीच्या नॉन-क्रिमीलेयर दाखल्यासाठी नागपुरातील एका कार्यालयात गेलो असता खिडकीवरील संगणकाच्या निळ्या पडद्यावर टक्केवारी सरकत होती आणि लिपिक प्रत्येकाला ‘अपडेट चालू आहे, बसा’ असे सांगत होता. काटोलहून पहाटेच्या एसटीने आलेले बापलेक दीड तास बाकावर बसून होते. लोकांचा राग त्या लिपिकावर निघत होता. अशाच एका कार्यालयातील संगणकांची देखभाल मी निवृत्तीपर्यंत केलेली असल्याने हा राग चुकीच्या माणसावर निघत आहे, असे मला वाटते आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

विंडोजची मासिक सुरक्षा-अपडेट अमेरिकी वेळेप्रमाणे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी प्रसिद्ध होतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. संगणकाने कामाच्या वेळेत आपणहून रीस्टार्ट होऊ नये यासाठी ‘ॲक्टिव्ह अवर्स’ नावाची सोय असून, कोणी बदल केला नसेल तर ती वेळ सकाळी आठ ते सायंकाळी पाच अशी धरलेली असते. म्हणजे रीस्टार्ट सायंकाळी किंवा रात्री व्हावा, अशी मूळ योजना आहे. आपल्या कार्यालयांत मात्र सव्वासहाला काम संपले की शिपाई मेन स्विच खाली करून कुलूप लावतो. त्यात त्याची चूक नाही, कारण मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जाणाऱ्या या शहरात दिवसभर कूलर चालवून तापलेल्या जुन्या वायरिंगवर रात्रभर विसंबून कोण राहील? परंतु त्यामुळे संगणकाला हक्काची रात्र मिळतच नाही. संस्थेने ठरवून दिलेली मुदत संपली की तो सक्तीने रीस्टार्ट होतो, आणि ती वेळ नेमकी खिडकीसमोर रांग लागण्याची असते. अपडेट अर्ध्यावर असताना वीज तोडली गेली, तर दुसऱ्या दिवशी ‘बदल मागे घेत आहोत’ असा संदेश येतो आणि सारे पुन्हा पहिल्यापासून. शिवाय रोज ‘शट डाउन’ करणे म्हणजे रीस्टार्ट करणे नव्हे, हेही अनेकांना ठाऊक नसते. संगणक पूर्ण बंद न करता लवकर सुरू करून देणारी ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असेल तर नुसत्या शट डाउनने काही अपडेट पूर्ण होत नाहीत.

दुसरी अडचण दुरुस्तीच्या पद्धतीची आहे. अपडेट अडले की डाउनलोड झालेल्या फाइलींचा फोल्डर रिकामा करायचा आणि तेवढ्याने भागले नाही तर संगणक फॉरमॅट करायचा, हा आपल्याकडील सरसकट उपाय. पडद्यावरचा त्रुटी-क्रमांक कागदावर उतरवून घेण्याची तसदी क्वचितच कोणी घेते. जानेवारी २०२४ मधील एका अपडेटच्या वेळी असंख्य संगणकांवर ०एक्स८००७०६४३ हा क्रमांक दिसत होता. त्याचे कारण एवढेच होते की रिकव्हरी पार्टिशनमध्ये, म्हणजे बिघाड झाल्यास विंडोज दुरुस्त करण्यासाठी डिस्कवर राखून ठेवलेल्या भागात, लागणारी २५० एमबी मोकळी जागा नव्हती. ते पार्टिशन वाढवल्याशिवाय फोल्डर कितीही वेळा रिकामा केला तरी उपयोग नव्हता.

याहून फसवा प्रकार मध्यवर्ती सर्व्हरवरून नियंत्रित होणाऱ्या संगणकांत आढळतो. असा संगणक फक्त त्या सर्व्हरने मंजूर केलेली अपडेट पाहतो. सर्व्हरची डिस्क भरली किंवा मंजुरी देणारा अधिकारी बदलून गेला, तर कित्येक महिने मागे पडलेला संगणकही ‘आपण अद्ययावत आहात’ असे बिनदिक्कत सांगतो. माझ्या नोकरीतही हे एकदा घडले होते आणि पडद्यावरच्या हिरव्या खुणेवर विश्वास ठेवून मी स्वतः फसलो होतो.

यावर अपडेटच बंद करा, असे सुचवणारे महाभाग भेटतात. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने विंडोजमधील ज्या छिद्रातून शिरकाव केला, ते बुजवणारे अपडेट १४ मार्चलाच उपलब्ध झाले होते, ज्यांनी ते बसवले नव्हते त्यांना फटका बसला. विंडोज १० ची नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली असून, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसलेले जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यांच्यासाठी संस्थांना जास्तीत जास्त तीन वर्षे पैसे भरून सुरक्षा-अपडेट घेता येतात. नवे संगणक घ्यायचे की हा खर्च करायचा, हे कार्यालयप्रमुखांनी ठरवावे; आहे तसेच चालू ठेवणे मात्र धोक्याचे आहे.

कार्यालयांकडून माझी मागणी फार मोठी नाही. संगणकांच्या वीजजोडणीला वेगळा स्विच द्यावा आणि महिन्यातून एक रात्र, ‘स्लीप’ बंद ठेवून, तो चालू राहू द्यावा. रात्रपाळीचा पहारेकरी असेल तिथे हे सहज जमेल. नसेल तिथे महिन्यातील एका कामाच्या दिवशी दुपारी चारनंतर खिडकी बंद राहील, अशी सूचना आठवडाभर आधी फलकावर लावावी. नवे अपडेट आधी आतल्या टेबलांवरील दोन-तीन संगणकांवर बसवून चार दिवस पाहावे आणि मगच खिडकीवरच्या संगणकांना द्यावे. त्रुटी-क्रमांक, तारीख आणि केलेला उपाय लिहिण्यासाठी एक साधी वही ठेवावी. दाखल्यांची गर्दी जूनमध्ये सुरू होते, त्यामुळे निदान मे महिन्याची फेरी शाळांचे निकाल लागण्याआधी उरकलेली असावी.

कळावे,
आपला,
एक निवृत्त संगणक-देखभाल कर्मचारी,
धरमपेठ, नागपूर